समरच्या तीन फांद्या

एकतीस वर्षं मी जंगलात मोटारसायकली पकडल्या. पेठ तालुक्यात वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून निवृत्त झालो, आणि शेवटची दहा-बारा वर्षं तर शनिवार-रविवार आला की कानात एकच आवाज असायचा: नाशिकहून येणाऱ्या त्या उंच, चिखलखाऊ गाड्यांचा. पठारावरचं गवत उकरून काढायचे आणि वर मलाच विचारायचे, “काका, रस्ता कुठे लिहिलाय तुमचा?” मी लिहून दाखवायचो. पीओआर म्हणतात आमच्यात त्याला, गुन्ह्याचा पहिला कागद. माझ्याइतके पीओआर आमच्या रेंजमध्ये कुणी फाडले नसतील. त्यामुळे आपला नवरा दर शुक्रवारी तसलीच गाडी घेऊन वाळवंटात जातो, ही गोष्ट माझ्या मुलीने, सायलीने, मला लग्नानंतर दोन वर्षांनी सांगितली, यात तिचा शहाणपणाच होता.

जानेवारीत मी तिच्याकडे कतारला तीन आठवडे राहून आलो. तिथले उंच मनोरे, संग्रहालयं आणि ‘द पर्ल’ नावाच्या बेटावरच्या नौका यांच्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. नौका मीही पाहिल्या. सायलीने फोटो काढला, त्यात मी तिकीट हरवल्यासारखा उभा आहे. मला सांगायचं आहे ते वाळवंटातल्या गाड्यांबद्दल आणि त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या माणसांबद्दल, कारण त्या विषयातलं मला कळतं, असं मला तेव्हा वाटत होतं.

बिन महमूद, गुरुवार

सायली आणि जावई निखिलराव बिन महमूदमध्ये राहतात. दोहाच्या मधोमध असलेली ही वस्ती. खाली केरळी हॉटेल, शेजारी न्हावी, पलीकडे टायपिंगचं दुकान, आणि संध्याकाळी सगळ्या मजल्यांवरून वेगवेगळ्या फोडण्यांचे वास. पहिल्याच दिवशी मला चहाची तऱ्हा कळली. लोक हॉटेलसमोर गाडी उभी करतात, हॉर्न वाजवतात, आणि आतला माणूस धावत येऊन कागदी पेल्यातला करक चहा खिडकीतून देतो. आमच्या पेठच्या टपरीवर कुणी असा हॉर्न वाजवला असता तर चहावाल्याने त्याला गाडीतून उतरवून आधी चार गोष्टी सुनावल्या असत्या. चहा मात्र झकास होता, वेलदोडा सढळ हाताने घातलेला. मी रोज दोन पेले प्यायचो, पण हॉर्न निखिलरावांनाच वाजवायला लावायचो.

निखिलराव मूळचे लातूरकडचे, एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर. मला ‘मामा’ म्हणतात, मी त्यांना अहोजाहो करतो, आणि या रीतीमुळे आमच्यात कधी भांडण होऊ शकत नाही. गुरुवारी संध्याकाळी ते पार्किंगमध्ये गाडीची चेन साफ करत बसले होते, तेव्हा सायलीने मला स्वयंपाकघरात गाठलं.

“आप्पा, पुढच्या महिन्यात निखिलचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. एचआरवाले सगळं बघतात. कुठे पोलिसांत नाव आलं की खलास, बॅगा भरायच्या.” कणीक मळता मळता ती थांबली. “तो ऐकत नाही माझं. म्हणतो, आम्ही सगळं लीगल करतो. तुम्ही जा उद्या-परवा त्याच्याबरोबर आणि लक्ष ठेवा. तुमच्यासमोर काही वेडंवाकडं करणार नाही तो.”

“तू निर्धास्त राहा,” मी म्हणालो. “अशा गाड्यांवर लक्ष ठेवण्यातच जन्म गेलाय माझा.”

सीलाइन, शुक्रवार

दक्षिणेला समुद्राला लागून वाळूच्या टेकड्या आहेत, तिथे गाड्या चालवायला मुभा आहे. निखिलरावांच्या पिकअपच्या हौद्यात त्यांची मोटारसायकल बांधली, कारण ती रस्त्यावर चालवायला परवानगी नाही. बरोबर त्यांचा मित्र जोजी, कोट्टयमचा, एका गॅस कंपनीत तंत्रज्ञ. चौदा वर्षं तिथे राहिलेला, बोलताना हिंदी, इंग्रजी आणि अरबी एकाच वाक्यात वापरणारा. “यल्ला अंकल, बेल्ट लगाओ,” असं म्हणून त्याने मला पुढे बसवलं आणि वाटभर नियम समजावले. हेल्मेट पाहिजे. जुन्या चाकोरीतूनच जायचं, नवी चाकोरी पाडायची नाही. कुंपण घातलेल्या राखीव भागात पाऊल नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हिरव्यावर चाक नाही. वाळवंटात खोलगट जागा असतात, त्यांना रौदा म्हणतात. पावसाचं थोडंफार पाणी तिथे मुरतं आणि झाडंझुडपं उगवतात. त्या रौद्यात गाडी घातली की सरळ केस होते.

मला हे सगळं फार आवडलं. “आमच्याकडच्या पोरांना तुझ्याकडे शिकवणीला पाठवायला पाहिजेत,” मी जोजीला म्हणालो.

त्याहून आवडली ती गस्त. आम्ही वनखात्याची माणसं दबा धरून बसतो. मोरीखाली, करवंदीच्या जाळीत, कधी गुरांच्या मागे. गाडी अंगावर आली की मग शिट्टी. इथे पोलिसांची गाडी सगळ्यात उंच टेकडीवर, दिवा लावून, सगळ्यांना दिसेल अशी उभी. पळापळ नाही, लपाछपी नाही. एका चालकाचं हेल्मेट डोक्याऐवजी हँडलला लटकत होतं. त्याला नुसता हात केला, तर तो आपण होऊन वर गेला, इंजिन बंद केलं, सलाम केला, ओळखपत्र काढून दिलं. माझ्या एकतीस वर्षांत एकाही गाडीवाल्याने आपण होऊन माझ्यासमोर इंजिन बंद केलेलं नाही. पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, “मी कोण आहे माहिती आहे का?” मग कुणाचा मामा सभापती, कुणाचा मेहुणा मंत्रालयात.

निखिलराव चालवतात मात्र देखणं. टेकडीच्या कडेकडेने, उभे राहून, गुडघ्यांनी गाडी सांभाळत. मी ते त्यांना सांगितलं नाही. उलट त्यांनी आग्रह केला म्हणून मी भाड्याच्या चारचाकी बाइकवर बसलो, ऐटीत पन्नास पावलं गेलो आणि एका चढावर अलगद आडवा झालो. वाळू मऊ होती. पोलिसाने टेकडीवरून अंगठा वर करून ‘ठीक आहे ना’ असं विचारलं, मीही अंगठा दाखवला. त्या अंगठ्यावर मी दिवसभर खूश होतो, कारण माझ्या लेखी ती एका गस्तवाल्याने दुसऱ्याला दिलेली सलामी होती.

अल रुवैसच्या वाटेवर, शनिवार

उत्तरेचं टोक म्हणजे अल रुवैस. लहानसं बंदर, तारेचे घुमटासारखे मासे पकडायचे पिंजरे धक्क्यावर रचून ठेवलेले, आणि त्यांच्या सावलीत झोपलेली मांजरं. एका खोपटवजा हॉटेलात आम्ही शेरी नावाचा मासा खाल्ला. मीठ, लिंबू आणि वरून कसलासा लाल मसाला, बस्स. सायलीने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी त्याच्यासोबत काढली. जोजीने चटणी चाखली आणि उरलेला डबा आपल्या बाजूला ओढून घेतला.

उत्तरेकडे वाळूच्या टेकड्या नाहीत. सपाट, खडकाळ, करड्या रंगाची जमीन आणि मधूनमधून एखादा रौदा. आधीच्या चाकांनी पडलेली एक वाट जोजीच्या फोनवरच्या नकाशात होती. पिकअप तिथे रस्त्यालगत लावली, निखिलराव आणि जोजीच्या दोन्ही मोटारसायकली उतरवल्या, आणि ते दोघं एकामागे एक दोन तास फिरून आले. मी समोरच्या रौद्याकडे बघत बसलो होतो. पाच-सहा समरची झाडं होती. काटेरी, छत्रीसारखी पसरलेली, आपल्या हिवराच्या भावकीतली. खाली बकरीला पुरेल एवढंही गवत नव्हतं. झाडं मोजणं ही माझी सवय, बुंध्याचा घेर नजरेने घेणं हीही. घेर काही फार नव्हता. आठ-दहा वर्षांची असतील असा अंदाज मी बांधला आणि विषय संपवला.

परत निघताना पिकअप फसली. वळवताना मागचं चाक कडेच्या भुसभुशीत मातीत गेलं आणि जितका रेटा दिला तितकं खाली रुतत गेलं. जोजी म्हणाला, हायवेजवळ त्याच्या ओळखीचे लोक तंबू टाकून आहेत, त्यांच्याकडून दोर घेऊन येतो, आणि आपली मोटारसायकल घेऊन गेला. निखिलराव पोटावर पडून चाकाखालची माती हाताने उपसू लागले.

आता मी काय केलं ते सांगतो. पावसाळ्यात आमची जीप महिन्यातून चारदा चिखलात बसायची. अशा वेळी वनखात्यातला कुणीही विचार करत नाही, हात आपोआप चालतात. बाजूला जायचं, ऐनाची नाहीतर कारवीची एक मोळी ओढून आणायची आणि चाकाखाली घालायची. आठ दिवसांनी त्या जागेवर गेलात तर कुठे तोडलं होतं ते सापडत नाही, एवढी फूट आलेली असते. मी रौद्यात उतरलो, सगळ्यात जवळच्या समरच्या तीन चांगल्या फांद्या पायाखाली दाबून मोडल्या आणि ओढत आणल्या. हातात काटे घुसले, पण त्याचं काय एवढं. निखिलराव खाली डोकं घालून होते, त्यांनी वर पाहिलंच नाही. फांद्या चाकासमोर सारल्या आणि म्हणालो, “बसा आत, आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच सोडा.”

पहिल्या झटक्याला पिकअप बाहेर.

“बघा निखिलराव,” मी हात झटकत म्हणालो, “याला अनुभव म्हणतात.”

ते हसत खाली उतरले, चाकामागे काय आहे ते त्यांनी पाहिलं, मग रौद्याकडे पाहिलं, आणि हसू मावळलं. एरवी ते शुद्ध पुस्तकी बोलतात. घाबरले की लातूर बाहेर येतं.

“मामा, हे काय करलालाव तुम्ही? कशाला तोडलाव?”

तेवढ्यात जोजी दोर घेऊन परत आला. त्याने हेल्मेट काढलं, फांद्या पाहिल्या आणि हेल्मेट परत डोक्यावर चढवलं. “अंकल,” तो आतून म्हणाला, “धिस इज व्हेरी बिग प्रॉब्लम.” त्याच्या मागे, अर्ध्या मैलावर, धुळीचा एक लोट आमच्याकडे येत होता. पर्यावरणवाल्यांची गस्त. दिवा लावलेला, सावकाश, उघड.

गाडीतून तिशीतला एक अधिकारी उतरला. सलाम झाला. मग तो सरळ त्या झाडाकडे गेला आणि जिथे साल फाटून पांढरं लाकूड दिसत होतं, तिथे उभा राहिला. मला त्याची ती पाठ ओळखीची वाटली. तोडलेल्या सागाजवळ मीही असाच पाठमोरा उभा राहायचो, राग गिळेपर्यंत.

परत येऊन त्याने आखाती हिंदीत विचारलं, “ये कौन तोडा?”

“आय डिड, सर,” निखिलराव म्हणाले. “माय मिस्टेक.”

सायलीचे पिठाने भरलेले हात डोळ्यांसमोर आले. लक्ष ठेवायला मला पाठवलं होतं, आणि ते बिचारे सासऱ्यासाठी स्वतःची नोकरी पुढे करत होते.

“नहीं साहब,” मी पुढे झालो. “ये झूठ बोल रहा है. दामाद है मेरा, इसलिए. मैंने तोडा.”

अधिकाऱ्याने निखिलरावांच्या हातांकडे पाहिलं. त्यात फक्त माती होती. मग माझ्या हातांकडे पाहिलं. तळव्यांवर रक्त वाळलं होतं आणि अंगठ्यात अजून एक काटा मोडलेला होता. पुढची चौकशी करायची गरज उरली नाही. मीही असाच गुन्हा शाबीत केला असता.

“ये पेड,” तो म्हणाला, “मेरा वालिद छोटा था, तब भी इतना ही था.” त्याने हाताने उंची दाखवली. आवाज चढवला नाही. “इधर बारिश नहीं. एक डाली, बहोत साल.”

आठ-दहा वर्षं, असा माझा अंदाज होता. एकतीस वर्षं झाडांत काढलेल्या माणसाचा. मला लाज वाटली, आणि ती पकडले गेल्याची नव्हती. फाटलेल्या सालीचं टोक खाली लोंबत होतं. तसंच राहिलं तर ते आणखी सोलत जाणार, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, “साहब, छुरी दो, मैं वो साफ काट देता हूँ, नहीं तो साल और निकलेगी.”

“नहीं,” तो म्हणाला. “आप अभी हाथ नहीं लगाना.”

बरोबर होतं त्याचं. मी हात मागे घेतले.

त्याने बॉनेटवर फॉर्म ठेवला. निखिलराव माझ्या कानाशी येऊन मराठीत पुटपुटले, “मामा, सांगा ना, तुम्ही फॉरेस्टमध्ये होता म्हणून. डिपार्टमेंटचा माणूस म्हटल्यावर सोडून देईल तो.”

“अजिबात नाही.”

“माझ्यासाठी तरी.”

त्या ‘माझ्यासाठी’ने मी हललो, खोटं कशाला बोलू. एक वाक्य बोललो असतो तर कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं. पण मामा सभापती आणि मेहुणा मंत्रालयात हे ऐकण्यात माझा जन्म गेला होता. ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. मी अधिकाऱ्याला एवढंच विचारलं, “गाडी इसकी है. इसका नाम आएगा?”

त्याने पिकअपच्या चाकांच्या खुणा चालत जाऊन तपासल्या. खुणा रौद्याच्या काठापर्यंत होत्या, आत एकही नव्हती. दोन्ही मोटारसायकलींच्या खुणा जुन्या वाटेवर होत्या. जोजीच्या शिकवणीने आम्हाला तिथे वाचवलं. “गाडी ठीक,” तो म्हणाला. “पेड आपका.”

इतका सरळ हिशेब मी क्वचितच ऐकला आहे.

सायलीने माझ्या खिशात पासपोर्टची प्रत कोंबली होती, ती मी दिली. नाव, वडिलांचं नाव, देश, व्हिजिट व्हिसा. तो अरबीत लिहीत होता, उजवीकडून डावीकडे. मग त्याने पुढच्या रकान्यावर पेन टेकवून विचारलं, “काम? क्या काम करता आप?”

आरोपीचा धंदा. आमच्याही फॉर्मवर हा रकाना आहे, आणि तो कुणी रिकामा सोडला तर मी कागद परत द्यायचो. “खरं काय ते सांगा, लिहिल्याशिवाय सोडणार नाही,” हे माझंच वाक्य. आता ओळख सांगून सुटायचं नव्हतं, पण फॉर्मवर खोटंही लिहायचं नव्हतं.

“फॉरेस्ट,” मी म्हणालो. “जंगल में नौकरी. एकतीस साल. पेड तोडनेवालों को पकडता था. अब रिटायर.”

पेन थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग झाडाकडे, मग परत माझ्याकडे. जोजीने मान दुसरीकडे वळवली. अधिकारी आता हसणार असं मला वाटलं, आणि तो हसला असता तरी मी रागावलो नसतो. पण तो हसला नाही. त्याने ते सगळं सावकाश लिहून घेतलं, कागद माझ्याकडे फिरवला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं.

“फिर आपको मालूम है,” तो म्हणाला, “मुझे ये लिखना पडेगा.”

“मालूम है,” मी म्हणालो. “छोड देते तो मुझे अच्छा नहीं लगता.”

मी मराठीत सही केली. जाताना त्याने स्वतःच्या थर्मासमधून मला कडवट, पिवळसर कॉफीचा छोटासा पेला दिला, दोन खजूर दिले आणि अंगठ्यातला काटा काढायला एक चिमटा. काटा निघेपर्यंत तो उभा राहिला. मग “शुक्रन” म्हणून मी चिमटा परत केला आणि ती गाडी आली तशीच सावकाश, दिवा लावून, पुढच्या रौद्याकडे गेली.

पुन्हा बिन महमूद

पुढच्या दिवशी कचेरीत जाऊन मी दंड भरला आणि माझं प्रकरण संपलं. निखिलरावांचं कॉन्ट्रॅक्ट मी नाशिकला परतल्यावर पंधरा दिवसांनी रिन्यू झालं. हे आधीच सांगून टाकतो, कारण वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लावायची मला हौस नाही. पण शनिवारी संध्याकाळी आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. परतीच्या वाटेवर शहराचे दिवे लागल्यावर निखिलराव म्हणाले, “मामा, सायलीला मी सांगतो. चाक फसलं आणि माझ्याकडून झालं, असं म्हणू.”

“निखिलराव,” मी म्हणालो, “आज तुम्ही एकदा माझ्यासाठी खोटं बोललात. त्याबद्दल मी तुम्हाला आयुष्यभर मानेन. दुसऱ्यांदा बोललात तर पीओआर फाडीन.”

ते हसले. त्या फांद्या पाहिल्यापासून पहिल्यांदाच. मीही हसलो, आणि मग मी त्यांना सांगून टाकलं की ते गाडी फार देखणी चालवतात.

दार सायलीने उघडलं. तिने आधी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग माझ्या हातातला अरबीत लिहिलेला कागद पाहिला. तिचा चेहरा उतरला.

“आप्पा! मी तुम्हाला एवढं सांगून पाठवलं होतं. काय केलं यानं?”

“यांनी काही केलं नाही,” मी कागद तिच्या हातात दिला. “नीट वाचून घे. आरोपी मी आहे.”